आयुधपूजेला राहून गेलेली सही

अप्पांचं शिलाईचं मशीन बंद पडलं की आमच्या घरात बोलणं कमी व्हायचं. आम्ही पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहणारी मराठी माणसं, गावातल्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमची दोन खोल्यांची जागा. पुढची खोली दुकान, मागची घर. अप्पा शिंपी. शाळेचे गणवेश, ब्लाउज, जुन्या कपड्यांची दुरुस्ती, येईल ते काम. आई काज-बटण करायची, तुरपाई करायची. मशीन एकच. ते चालू असलं तर दोन्ही वेळा चूल पेटायची, नाहीतर सकाळचा भात पाण्यात घालून रात्री ताकाबरोबर.

एका दिवाळीच्या तोंडावर ते मशीन अडकलं. चाक फिरेना. अप्पांना तेल घालणं, सुई बदलणं, पट्टा घट्ट करणं येत होतं. हे त्यापलीकडचं होतं. दुरुस्ती करणारा माणूस गावात होता, पण त्याच्याकडे मोठ्या दुकानांची कामं असायची, जिथं मशीनं रांगेनं असतात. अप्पा त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. तो नेहमी "नाळैक्कु" म्हणायचा, म्हणजे उद्या. नाही म्हणाला असता तर अप्पा दुसरीकडे गेले असते.

मग गिऱ्हाइकं आली. कुणी भांडलं नाही. दिवाळी कुणासाठी थांबत नाही, एवढंच सगळे म्हणाले आणि आपापलं कापड मागून घेतलं. काही कापडं बेतून झालेली होती. तीसुद्धा तुकड्यांसकट परत गेली. अप्पा प्रत्येक कापडाची घडी घालायचे, तिच्यावरून तळहात फिरवायचे आणि द्यायचे. त्या दिवाळीला आम्हांला नवे कपडे नव्हते, पण ते तसेही क्वचितच असायचे. न शिवलेलं कापड दारातून परत जाताना मात्र मी त्याच वर्षी पाहिलं.

पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मिरवण्यासाठीच सांगते, कारण ते मिरवण्यासारखं आहे. माझ्या पदवीचा कागद भिंतीवर लावलेला आहे आणि येणाऱ्याला तो दिसेल अशाच जागी लावलेला आहे. शिकले तमिळ आणि इंग्रजीत. घरची मराठी तोंडी होती, देवनागरी मी नंतर हिंदीच्या शिकवणीत शिकले. म्हणून हे लिहिताना अजून अक्षरं जरा सुटी सुटी पडतात.

पदवीनंतर एका ऑडिटरच्या कचेरीत नोकरी केली. तिथं काम पुष्कळ शिकले, पण एक गोष्ट मनात राहिली ती कामाबाहेरची. तिथलं झेरॉक्सचं मशीन बिघडलं की कुणीतरी फोन करायचं आणि माणूस यायचा. मशीन कुठल्याही कंपनीचं असलं तरी आमच्याकडे त्याला झेरॉक्सच म्हणतात. तो माणूस बॅग उघडायचा, काम करायचा, कॉफी प्यायचा, जायचा. कुणी त्याच्या दारात उभं राहायला जात नव्हतं. मी विचारलं तेव्हा कळलं की कचेरीनं वर्षाचा देखभालीचा करार केलेला आहे. सगळे त्याला एएमसी म्हणत.

काही वर्षांनी मी ती नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस काढलं. ऑफिस म्हणजे आमचीच पुढची खोली. अप्पांनी आपलं मशीन भिंतीकडे सरकवलं आणि रस्त्याकडची अर्धी जागा मला दिली. तिथं संगणक आला, झेरॉक्सचं नवं मशीन आलं. जातीचे दाखले, पेन्शनचे अर्ज, जमिनीच्या पट्ट्याच्या नकला, विद्यार्थ्यांच्या नोट्स. बाहेरगावची, ओरत्तनाडुकडची माणसंसुद्धा कचेरीची कामं घेऊन यायला लागली. ऑडिटर निरोपाला म्हणाले होते, जमलं नाही तर परत ये, खुर्ची ठेवतो. ते चांगल्या मनानं म्हणाले. मी म्हटलं, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, मी येणार नाही. असं बोलून बसलं की माणसाला मागे जाता येत नाही. आणि अप्पांची अर्धी जागा गेलेली होती, तीही मला परत देता येण्यासारखी नव्हती, कारण रस्त्याकडून शिवणाचं दुकान दिसेनासं झाल्यावर त्यांची नवी गिऱ्हाइकं तुटली होती. सगळं त्या एका मशीनवर आलं. पूर्वी यायचं तसंच.

मशीनची वॉरंटी संपत आली तेव्हा कंपनीचा प्रतिनिधी एएमसीचे कागद घेऊन आला. चाळिशीचा, बोलका माणूस, बोलणं सगळं तमिळमध्ये. त्यानं दोन प्रकार समजावले. एकात फक्त मेहनत, सुटे भाग आपले. दुसऱ्यात भागही त्यांचे. मग त्यानं सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून दिली. मी कागद पहिल्या पानापासून वाचायला घेतले. तो जरा वेळ बसला, मग म्हणाला, "मॅडम, हे कुणी वाचत नाही."

"मी वाचते."

"वाचा वाचा. मीपण अजून वाचलेलं नाही, काय आहे ते मलाही सांगा."

त्यात लिहिलं होतं की तक्रार आल्यावर माणूस 'वाजवी वेळात' पाठवला जाईल. मी विचारलं, वाजवी म्हणजे किती. तो म्हणाला, लवकर. मी विचारलं, माणूस कुठून येणार. म्हणाला, तिरुच्चीहून. मी विचारलं, तिरुच्चीच्या माणसाकडे मोठ्या कॉलेजांची मशीनं असतील, माझं एकच आहे, तर आधी कुणाकडे जाईल. यावर तो नुसता हसला. मी म्हटलं, तक्रारीच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी माणूस येईल, एवढं एक वाक्य लिहून द्या, मी दुसऱ्या प्रकारचा करार घेते. छापील कागदात बदल होत नाही, तो म्हणाला. मग सही होत नाही, मी म्हटलं. वरिष्ठांना विचारून बघतो, पण वॉरंटी संपायच्या आत सही झाली पाहिजे, नाहीतर आधी मशीनची तपासणी होईल आणि मगच करार, असं सांगून तो गेला.

घरात या करारावरून दोन पक्ष झाले. अप्पांना तो मुळातच पटत नव्हता. त्यांचं म्हणणं, मशीन धडधाकट असताना त्याच्या आजारपणाची बोलणी करायची नसतात. "ताप यायच्या आधी वैद्याचे पाय काय म्हणून धरायचे? बिघडेल बिघडेल म्हणत्येस, ते ऐकतं की."

मी म्हटलं, ते ऐकत नाही, अप्पा, ते लोखंड आहे.

"माझं मशीन ऐकायचं," अप्पा म्हणाले.

आई मागच्या खोलीत होती. तिथूनच म्हणाली, "ऐकायचं तर त्या दिवाळीला काय म्हणून गप्प बसलं? कापडं परत दिलीत ती मीच बांधून दिली होती."

अप्पांनी सुईत दोरा ओवायला घेतला. पटलं होतं असं नाही.

वॉरंटीचा शेवटचा दिवस नेमका नवरात्रातल्या नवमीला आला. महाराष्ट्रात त्या दिवशी खंडेनवमी करतात असं वाचलंय. आमच्याकडे ती आयुधपूजा, आणि तीच सरस्वतीपूजा. ज्याचं जे हत्यार, ते त्या दिवशी धुऊनपुसून पूजेला ठेवायचं. रिक्षावाल्याची रिक्षा, सुताराचा रंधा, बसच्या डेपोत बससुद्धा. पुस्तकं आणि लेखण्याही पूजेत जातात. पूजा लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती हलवेपर्यंत त्या वस्तूंना विश्रांती. त्या दिवशी कुणी शिवत नाही, वाचत नाही, लिहीत नाही. लहानपणी अभ्यासाला सुट्टी मिळायची म्हणून हा सण मला सगळ्यांत जास्त आवडायचा.

त्या नवमीला पुढच्या खोलीत दोन मशीनं शेजारी शेजारी पूजेला होती. अप्पांनी आधी आपल्या मशीनच्या चाकाला, मानेला चंदन लावलं, वर कुंकू. मग माझ्या मशीनच्या झाकणावर, बटणांच्या कडेला. आईनं पदवीचा कागद भिंतीवरून काढून पाटावर ठेवला, त्यावर माझी पेनं, हिशेबाची वही, फोन. नैवेद्याला केळी, उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल, आणि या दिवशी हमखास असतात ते चुरमुरे, डाळं आणि गूळ. तो झाकणावर केळीच्या पानावर ठेवला. अप्पा मात्र एक मूठ घेऊन मशीनच्या पोटाशी गेले. कागद छापून जिथं बाहेर पडतो, तिथं मशीनला एक खोलगट कप्पा असतो. त्या कप्प्यात त्यांनी चुरमुरे-गूळ ठेवला. शिलाई मशीनच्या सुईखाली ते दरवर्षी असंच ठेवतात. काम जिथं होतं नैवेद्य तिथं, हा त्यांचा नेम. आई आणि मी बघत होतो आणि तिघांनाही ते योग्यच वाटलं.

दुपारी प्रतिनिधी आला. सुट्टीचा दिवस, कमरेला धोतरासारखी पांढरी वेष्टी, कपाळाला भस्म. आपल्या कचेरीतली पूजा आटोपून आला होता. त्यानं पिशवीतून एक कागद काढला. वरिष्ठांनी वाक्य मान्य केलं होतं: तक्रारीच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी माणूस येईल. खाली शिक्का. मी तो कागद हातात न घेता, त्याच्या हातातच असताना वाचला. वाचणंही खरं तर चुकीचंच, पण डोळ्यांना कोण अडवणार.

"फक्त सही," तो म्हणाला. "आज कंपनीच्या संगणकात गेलं पाहिजे."

मी पाटाकडे पाहिलं. माझी पेनं तिथं चंदन लावून झोपली होती. मी त्याला म्हटलं, तुमचं पेन द्या. त्यानं खिशावर हात नेला आणि तो तिथंच राहिला. त्याचंही पेन त्याच्या कचेरीत पूजेला होतं. मग तो म्हणाला की फोनवरही होतं, पडद्यावर बोटानं सही केली तरी कंपनीला चालते. त्याचा फोन वेष्टीच्या कनवटीला होता, बहुधा पूजेतून सुटलेला. बोटानं केलेली सही हे लिहिणं झालं का, यावर थोडी चर्चा झाली. आई म्हणाली, बोट काही लेखणी नव्हे. प्रतिनिधीला ते पटलेलं दिसलं. त्यानं अप्पांकडे पाहिलं.

"अय्या, तुम्ही काय म्हणता?"

अप्पांना तो करार नकोच होता. नुसतं बसून राहिले असते तरी चाललं असतं. पण ते विचार करून म्हणाले, "अंगठा उठवणाऱ्यांचं कर्ज खरं धरतात की नाही? मग बोटाचं लिहिणं हे लिहिणंच. तिची इच्छा असेल तर मी आत जातों, मला दिसणार नाही."

ते खरंच उठले. मी त्यांना बसायला सांगितलं. मी फार देवभोळी नाही. पण माझी पदवी त्या पाटावर होती, आणि ती तिथं ठेवण्यासारखी आहे असं मला वाटत होतं म्हणून ठेवू दिली होती. पूजा मोडून सही करायची तर मग ती तिथं कशाला. प्रतिनिधीला म्हटलं, उद्या सकाळी या, तपासणी करून घेऊ, मशीन उत्तम आहे, तपासणीला काय भ्यायचं. तो म्हणाला, संगणक ज्या गावात आहे तिथं आयुधपूजा नाही, तो काही थांबायचा नाही, पण मलाही घरी जाऊन जेवायचंय. तपासणीला तिरुच्चीचा माणूस सकाळीच घेऊन येतो, असं कबूल करून आणि चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. आईनं पूजा हलवली, पान उचललं, कप्प्यातले चुरमुरे हातानं गोळा केले. अप्पांनी नव्या कापडाच्या तुकड्यावर एक शिवण घातली. या दिवशी केलेलं पहिलं काम वर्षभर टिकतं असं मानतात, म्हणून सगळे आपापल्या कामाला नुसता हात लावतात तरी. माझं पहिलं गिऱ्हाईक दारात होतं. पलीकडच्या गल्लीत लहान मुलांची शिकवणी घेणाऱ्या बाई. विजयादशमीला मुलांना पहिल्यांदा अक्षरं गिरवायला बसवतात, त्यासाठी त्यांना अक्षरांच्या तक्त्याच्या नकला हव्या होत्या, त्याच सकाळी. मी तक्ता काचेवर ठेवला आणि बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. मग आतून भट्टीवर चुरमुरे भाजल्यासारखा वास आला. कागद अर्धा बाहेर आला, पंख्यासारख्या घड्या पडून, आणि थांबला. लाल दिवा लागला. मी बाजूचं झाकण उघडलं. आत, जिथं कागद तापून बाहेर पडतो त्या रुळांच्या फटीत, कप्प्याच्या उतारावरून घसरलेले चुरमुरे होते, काही काळे झालेले. त्यांच्यामागून गुळाच्या वासानं आलेली मुंग्यांची एक ओळ मशीनच्या पोटात शिरत होती, अगदी शिस्तीत.

अप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते.

त्याच वेळी प्रतिनिधी आणि तिरुच्चीचा माणूस येऊन दारात उभे राहिले. तिरुच्चीच्या माणसानं वास घेतला आणि बॅग खाली ठेवली. त्यानं सांगायच्या आधी मीच सांगितलं की अन्न आणि किडामुंगी यांनी झालेला बिघाड करारात धरत नाहीत, तिसऱ्या पानावर आहे, आणि अशा अवस्थेतलं मशीन तपासणीत बसत नाही. त्यानं मान डोलावली.

"त्या कागदात चुरमुरे लिहिलेत?" अप्पांनी विचारलं.

"अन्न लिहिलंय, अप्पा. त्यात येतात."

शिकवणीच्या बाई सभ्य होत्या. मुलं वाट बघतील, बसस्टँडजवळ दुसरं दुकान उघडं दिसलं, असं त्या हळूच म्हणाल्या आणि तक्त्यासाठी हात पुढे केला. तक्ता काचेवरच होता. मी तो उचलला. त्याची घडी करण्यासारखं काही नव्हतं, तरी माझा तळहात त्याच्यावरून एकदा फिरला. अप्पांनी ते पाहिलं. ते तिरुच्चीच्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. मी धरून चालले होते की ते विनवणी करतील, आणि मला ती ऐकायची नव्हती. पण ते दुकानदारासारखे सरळ बोलले.

"आज तुझं पहिलं काम कुठलं?"

"हेच, अय्या. इथूनच सुरुवात."

"मग ते अर्धवट सोडून जाणार? आजच्या दिवशी?"

माणसानं प्रतिनिधीकडे पाहिलं, प्रतिनिधीनं छताकडे. दशमीचं पहिलं काम टाकून जाणं आमच्याकडे कुणालाच जमत नाही, तिरुच्चीच्या माणसालाही नाही. करार नसला तरी कामाचे पैसे मी देणारच होते, तसं सांगितलं. तो खाली बसला, स्क्रू काढायला लागला. त्याच्याजवळचा ब्रश फटीत जाईना, तेव्हा अप्पांनी आपल्या मशीनचा बारीक ब्रश दिला. बाईंना आईनं कॉफी देऊन बसवलं आणि त्यांच्या माहेरची चौकशी सुरू केली, म्हणजे त्यांना आता मध्येच उठणं शक्य नव्हतं. मुंग्यांना वेळ लागला. चुरमुरे लवकर निघाले.

मशीन चालू झालं तेव्हा पहिली नक्कल जराशी करपट वासाची निघाली, पण अक्षरं स्वच्छ होती. बाई नकला घेऊन गेल्या. मग तपासणी झाली, आणि मशीन तपासणीत बसलं. प्रतिनिधीनं कागद टेबलावर ठेवला, वरचं वाक्य आणि शिक्का मी पुन्हा एकदा पाहिला, आणि सही केली. त्या वर्षातलं माझं पहिलं लिहिणं ते.

अप्पांनी प्रतिनिधीला विचारलं, "त्यात हे पण लिहून घेता येईल?" ते आपल्या शिलाई मशीनकडे बोट दाखवत होते.

"त्याला पण चुरमुरे घालता का, अय्या?"

"घालतों. त्याला पचतात."

त्यानंतर माझं मशीन कितीदा तरी बिघडलं. दर वेळी फोन केला, दर वेळी दुसऱ्या कामाच्या दिवशी माणूस आला, एकदा तर त्याच दिवशी. आयुधपूजेला अप्पा आता नैवेद्य झाकणावरच ठेवतात आणि कप्प्यात फक्त एक फूल. करार दर वर्षी मी वाचून, वाक्य तपासून नवा करते. ऑफिस माझं आहे, पुढच्या खोलीतच आहे, आणि ऑडिटरच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसतं. कधी एखाद्याला दिवसभर थांबावं लागलं असेल, पण आजवर माझ्या दारातून कुणाचा कागद काम न होता परत गेलेला नाही.